पहिलं 'नको'

समुद्रकाठच्या किलड्रम गावात पहिलं 'नको' हे नको नसतं. हे तिथल्या मेंढरांनासुद्धा ठाऊक असावं. कुणाच्या घरी गेलात आणि चहा विचारला, तर म्हणायचं, "छे, छे, आत्ताच घेऊन आले." घरधनीण किटली ठेवतेच. मग म्हणायचं, "अगं, कशाला उगाच त्रास." मग, "बरं, अगदी घोटभर." तिसऱ्या खेपेला कप हातात येतो आणि सोबत बोटभर लोणी थापलेला ब्राउन ब्रेड. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारी बाई हावरट, आणि दुसऱ्यांदा न विचारणारी बाई दुष्ट. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हीच गावाची रीत. लपवलेलं भांडं सगळ्यांना दिसत असतं म्हणून ती चालते, एवढंच.

कन्सेप्टा फॅलनला ही रीत गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती. म्हणून तिनं ती मोडली तेव्हा अशी मोडली, की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

गावच्या ज्येष्ठ मंडळाची ती चिटणीस. मंडळ दर बुधवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं. पत्ते, रॅफलची सोडत, सँडविच, आणि जे आले नाहीत त्यांच्याविषयी गप्पा. वर्षातून एक सहल. बहुतेक वर्षी नॉकच्या तीर्थाला, तेच ते मेणबत्त्या लावून परत. यंदा मात्र अध्यक्ष कोलमनच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं बोट ठरवली. इनिशगार्व बेटावर जायची.

हे नाव ऐकलं आणि डिंफना कॉस्टेलोच्या हातातले पत्ते टेबलावर उताणे पडले.

डिंफना त्या बेटावर जन्मली होती. ती नऊ वर्षांची असताना सरकारनं बेट रिकामं केलं, माणसं आणि गुरं या किनाऱ्यावर आणली, आणि आई तिकडेच मातीत राहिली. त्यानंतर डिंफना परत गेली नव्हती. लग्न झालं ते मॅलकीशी, आणि मॅलकीला पाण्याची अशी भीती, की पावसाच्या डबक्यालाही वळसा घालायचा. मग तो अंथरुणाला खिळला, मग गेला. आता डिंफनाचे गुडघे बोलायला लागले होते. बेटाला धक्का नाही, कातळात खोदलेल्या पायऱ्या, त्याही निसरड्या. एकट्यादुकट्यासाठी बोटवाला तिकडे फिरकत नाही. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर आईची जागा पुन्हा दिसायची नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"बोटीत बाराच माणसं बसतात," कन्सेप्टा हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आणि आपण तेरा झालोय. कुणीतरी एकानं राहायला हवं." तिनं सगळीकडे नजर फिरवली आणि मान वळवून गोड आवाजात विचारलं, "डिंफना, तुला तर यायचं असेलच ना?"

सगळ्यांच्या देखत. नाव घेऊन. अशा वेळी सभ्य बाईच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"छे गं, माझं काय एवढं. दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे."

"बरं," कन्सेप्टा म्हणाली. "डिंफना येत नाही. झाले बारा. सुंठीवाचून खोकला गेला. आता रॅफलचं बघू."

दुसऱ्यांदा विचारायचं काम आता मैत्रिणीचं. डिंफनाची मैत्रीण शेजारीच बसली होती: अट्रॅक्टा, जिच्या गाडीतून ती दर बुधवारी यायची, जिच्या पाचही बाळंतपणांना डिंफनानं रात्री जागवल्या होत्या. "अगं, असं काय करतेस, ये की," एवढंच म्हणायचं होतं तिला. अट्रॅक्टा कपातल्या चहाकडे बघत राहिली. तेरावं नाव तिचं होतं.

कोलमन जन्मभर पोस्टमन होता आणि गावातलं एकूण एक भांडण त्याला पाठ होतं. त्यानं कानातलं यंत्र काढलं आणि रुमालानं पुसत बसला.

कन्सेप्टाचा राग जुना. तिचा नवरा फिंटन वारला तेव्हा सगळं गाव तिच्या दारात रांग लावून उभं होतं. डिंफना आली नव्हती. तीन शेतं ओलांडली की घर, तरी आली नाही. किलड्रममध्ये माणूस खून पचवेल, पण मयताला न येणं पचवत नाही.

परतीच्या वाटेवर गाडी गावाबाहेर पडली. मग अट्रॅक्टानं घसा खाकरला.

"तसं तिथे आता आहे तरी काय गं? पडकी घरं आणि मेंढ्यांच्या लेंड्या."

"माझी आई आहे."

अट्रॅक्टानं गाडीचे वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.

घरी येऊन डिंफनानं कोट काढला नाही, तशीच खुर्चीत बसली. संताप तिला कन्सेप्टाचा येत होता, अट्रॅक्टाचाही येत होता, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. कारण हे 'नको' तिच्या घराण्यात आधी एकदा येऊन गेलं होतं.

ती गोष्ट वडिलांनी तिला एकदाच सांगितली होती. बेटावरचा शेवटचा हिवाळा. आई तापानं फणफणलेली, आणि खवळलेल्या समुद्रातून किनाऱ्यावरची एक होडी कशीबशी पायऱ्यांपर्यंत पोचली. जागा एकाचीच. वल्हेकरी ओरडला, "येतेस का नोरा?" आणि शालीत गुंडाळलेली नोरा म्हणाली, "नको, आधी म्हाताऱ्या पीडरला न्या." रीतच ती. कुणीतरी पुन्हा विचारायचं, मग तिनं मानायचं. पण लाट चढत होती, दुसऱ्यांदा विचारायला कुणाला सवड नव्हती. पीडरला होडीत घेतलं आणि होडी गेली. म्हातारा पुढे किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पाइप ओढत जगला. आई त्याच आठवड्यात संपली. गाव अजून तिला त्यागाची मूर्ती म्हणतं. वडील म्हणायचे, "त्याग कसला डोंबलाचा! तिला जायचं होतं गं. निघायला बूट चढवले होते तिनं."

पुढच्या बुधवारी अट्रॅक्टाची गाडी आली नाही. डिंफना चालत हॉलवर पोचली, तेव्हा सगळे बसलेले होते. ती बसली नाही.

"मला इनिशगार्वला जायचंय," ती म्हणाली.

कुणाचा तरी चमचा बशीत पडला. या वयाची बाई, भर सभेत, 'मला जायचंय'! मागून कुणीतरी पुटपुटलं, "अरे देवा, हिला काय झालं?" एखादीनं हॉलमध्ये स्कर्ट सोडला असता तरी एवढी शरम वाटली नसती लोकांना.

"पण तू तर नको म्हणालीस," कन्सेप्टा म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणाले. आणि तुला त्याचा अर्थ कळला होता. आता हो म्हणते."

"असं कसं? कुणाला काढू मग मी? तूच सांग नाव."

"चिटणीस तू आहेस. माझं नाव काढताना तुला माझी मदत लागली नव्हती."

कन्सेप्टाचे ओठ आवळले गेले, आणि मग हळूच सैल झाले. तिला काहीतरी सुचलं होतं. "ठीक आहे. ज्याचं नाव शेवटी आलं तो राहील. म्हणजे तू गं, अट्रॅक्टा. डिंफनासाठी."

अट्रॅक्टाच्या गालांवर रक्त चढलं. ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "राहू दे. राहीन की मी. माझं काय एवढं."

आणि ती थांबली.

आता सगळे डिंफनाकडे बघत होते. कोलमननं तर यंत्र कानात घालून मान पुढे काढली होती. "छे, अट्रॅक्टा, तूच जा," एवढं वाक्य, ते म्हटलं की रीत पुन्हा रुळावर. पण एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणावं लागणार, आणि मग आई राहिली तिकडेच. डिंफनाच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं. कन्सेप्टानं केलं तेच आपण करतोय, तेही अट्रॅक्टाला, हे तिला लख्ख दिसत होतं आणि तरी तिनं तोंड उघडलं नाही.

अट्रॅक्टानं पर्स बंद केली. तिचा तो खटकन आवाज डिंफनाच्या छातीत जाऊन बसला.

सहलीच्या दिवशी मिनीबसमध्ये डिंफनाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. माणसं अवघडून तिघं तिघं बसली, पण तिथे कुणी आलं नाही. कन्सेप्टा पुढून मोठ्यानं म्हणाली, "बिस्किटं फिरवा रे. डिंफनाला विचारू नका, तिला हवं ते ती मागून घेते." सगळे हसले. मनमोकळं हसले, तेच जास्त लागलं. बिस्किटांचा डबा तिच्या डोक्यावरून मागे गेला. बोटीतही तेच. बारा माणसं, त्यातली अकरा एका बाजूला. शेवटी बोटवाला टोमास ओरडला, "अहो, बोट कलंडेल! दोघंतिघं इकडे सरका." तेव्हा कोलमन आला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

बेटावर पाय ठेवताच बाकीचे डबे घेऊन वाऱ्याच्या आडोशाला गेले. डिंफना एकटी चढण चढली. घराच्या दोन भिंती उभ्या होत्या, चुलीपुढची फरशी नव्हती. ती कुठे आहे हे तिला माहीत होतं. निघायच्या दिवशी वडिलांनी ती पहारीनं उखडली होती आणि आईवर नेऊन ठेवली होती. बेटावर थडग्यांना नावं नसायची.

खाजकुइलीसारख्या चावऱ्या झुडपातून वाट काढत ती पोचली. फरशी होती. मधोमध अजून काळी. डिंफना गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली आणि रडली, नाक पुसायचंही भान न ठेवता, घरात कुणी नसताना रडावं तशी.

"टोमास बोलावतोय," पाठीमागून आवाज आला. कन्सेप्टा. "वारा फिरलाय."

डिंफना उठली नाही.

"हीच का?" कन्सेप्टानं विचारलं.

"हो."

मग कन्सेप्टा म्हणाली, "फिंटनच्या मयताला तू आली नाहीस."

"मला ताप होता."

"आणि दोन दिवसांनी गुरांच्या बाजारात होतीस! लोकांनी पाहिलं."

"ताप उतरला होता. वासरू विकायचं होतं, मॅलकी अंथरुणावर होता. दुसरं कोण जाणार होतं?"

"मग नंतर यायचं होतंस. एका शब्दानं सांगायचं होतंस."

"तू एका शब्दानं विचारायचं होतंस."

कन्सेप्टानं फरशीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. "हे तुझ्या आईसाठी," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"कळलं," डिंफना म्हणाली आणि तिच्या हाताचा आधार न घेता उठली. तसा तो पुढे आलाही नव्हता.

पायऱ्यांशी पाणी उसळत होतं. बोट वर यायची, पायरीला टेकायची आणि पुन्हा हातभर खाली जायची. टोमास एक पाय काठावर रोवून हात पुढे करून उभा होता.

"चला, आधी कोण?"

"कन्सेप्टा, तू हो पुढे."

"छे, छे, आधी कोलमनला जाऊ दे, त्याची कंबर दुखते."

"माझं काय एवढं, बायका आधी."

"नाही, नाही, मी थांबते, तुम्ही व्हा."

"अहो, कुणीतरी या!" टोमास ओरडला. एक लाट खालच्या पायरीवरून सरसरत वर आली, सगळ्यांचे बूट भिजले, आणि तरी ती अकरा माणसं एकमेकांना पुढे ढकलत तिथेच उभी. कुणाची हिंमत होईना. पाण्याची भीती वाटत होतीच, पण आधी जाण्याची जास्त.

डिंफना त्यांच्यामधून वाट काढत पुढे आली.

"मी," ती म्हणाली.

तिनं टोमासचा हात धरला, बोट वर येईपर्यंत थांबली आणि आत पाऊल टाकलं. मागे कुणीतरी 'च्च' असा आवाज केला. ती बसली नाही. काठाला घट्ट धरून वळली आणि दुसरा हात पायऱ्यांकडे लांब केला. समोर कन्सेप्टा होती, चेहरा पांढराफटक, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरलेली, ओठांवर ते नेहमीचं वाक्य तयार.

"ये, कन्सेप्टा," डिंफना म्हणाली. "मी एकदाच विचारणार आहे."