मधली फट

थोरल्याने फटीत हात घातला, तेव्हा खालून वर येणारा वारा त्याच्या तळव्याला लागला. पत्र्यावर पालथं पडून त्याने आपल्या बाजूची कड हलवून पाहिली. हलली. पलीकडची, धाकट्या भावाची, त्याहून जास्त हलली.

"काय म्हणतंय छप्पर?" खालून बायकोने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत आहे म्हणतंय. वादळ आलं की बघू म्हणतंय."

"जगाची छपरं बसवता आणि आपल्याच डोक्यावर ही फट. लोक हसतात, माहीत आहे ना?"

माहीत होतं. वाटणीत घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हा रागाच्या भरात त्यानेच कटर फिरवून वरचे पत्रे कापले होते. याचा पत्रा त्याच्या बाजूला नको, त्याचा याच्या नको, म्हणून मध्ये वीतभर जागा सोडली. पत्र्यांखालचे आधाराचे पाइप तेवढे भिंतीवरून आरपार राहिले. ते कापले असते तर दोन्ही घरं उघडी पडली असती.

वारा छपराला दाबत नाही, उचलतो. आधी कड धरतो. मग दाराखिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून रेटा देतो आणि पत्रा उलटतो. हे तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा. आणि जिथे कडच नव्हती, तिथे त्याने स्वतःच्या हाताने दोन करून ठेवल्या होत्या.

फटीवर पत्र्याची पट्टी टाकायची, एवढंच काम. पण पट्टीला दोन्हीकडे बोल्ट हवेत. बोल्टाचा वाकडा हूक खालून पाइपाला अडकवायचा, टोक भोकातून वर काढायचं, वर रबरी वायसर आणि नट. वरच्याला खालचा माणूस लागतोच. त्याच्या बाजूला टेबलावर बायको उभी होती.

"आणि तिकडून कोण धरणार?" ती म्हणाली. "भावजी घरातच आहेत. मारा की हाक. जीभ झिजणार आहे का?"

"त्याने कडेवर विटा ठेवल्यात. वजनाने राहील म्हणे."

"मग सांगा, नाही राहणार म्हणून."

"त्याला काय माहीत नाही? माझ्याच हाताखाली शिकलाय."

"म्हणजे ते तुमच्यासाठी थांबलेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी. वादळ कुणासाठी थांबलंय?"

त्याने पाना फिरवला. आपल्या बाजूचे नट आवळून झाले. मग त्याने भावाच्या विटा एकेक करून उचलल्या आणि खाली अंगणात सोडल्या. पलीकडच्या पत्र्यात ड्रिल लावलं. खालचा भांड्यांचा आवाज थांबला. भोकं पाडून झाल्यावर त्याने पट्टीची कड उचलून बोल्ट पलीकडच्या घरात टाकले. फरशीवर खणखण झाली.

"अगं बाई! आता वरून लोखंड पडायला लागलं," धाकट्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, बघा तरी!"



दोघे भाऊ एकत्र कामं घ्यायचे, तेव्हा थोरला वर आणि धाकटा खाली असायचा. मशीनच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही, म्हणून पान्याने खूण ठरलेली. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पुढचं.

थोरल्याने पाना उचलला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग भोकाशेजारी दोनदा ठोकलं.

गल्लीतल्या दोरीवरचे कपडे आता आडवे झाले होते. खाली कुणीतरी टेबल ओढलं. आणि पहिल्या भोकातून बोल्टाचं टोक वर आलं. जरा थरथरलं, मग स्थिर झालं.

त्याने वायसर घातला, नट फिरवला. बोल्ट सोबत फिरला नाही. खालून घट्ट धरलेला होता. दोन ठोके. दुसऱ्या भोकातून टोक आलं. दोन ठोके. तिसऱ्यातून.

शेवटचा नट आवळल्यावरही हात सवयीने दोनदा ठोकून गेला.

"दादा," खालून आवाज आला. "एक बोल्ट उरलाय. पुढचं भोक कुठंय?"

जास्तीचा एक तो नेहमीच घेऊन चढायचा. त्याने पट्टीवर तळहात ठेवून जोर दिला. जराही हलली नाही. आणखी बोल्टाची तिला गरज नव्हती.

"थांब," तो म्हणाला आणि ड्रिल उचललं. "पाडतो."