पार्किंगमधलं जलपूजन

आमच्या सोसायटीतले फ्लॅट दोनच दिवशी बुक झाले. बाकीच्यांचे पाडव्याला, आमचा चौदा एप्रिलला. दोन्ही दिवशी मागचा ओढा इतका कोरडा असतो की बिल्डर बद्रीनाथशेठ त्याला वॉकिंग ट्रॅक म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमचे बाबा, कचरू, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर स्फोटकांजवळ राहून त्यांना काही झालं नाही. येरवड्यात तळमजल्यावर आले आणि तीन पावसाळ्यांत दोनदा आमचा फ्रीज पोहला. शेठनी ओढ्यात भराव टाकून शेजारी दुसरी इमारत उठवली होती. पाण्याला आमचाच हॉल सोयीचा पडला.

आईला दमा. ओलीनं ती रात्रभर बसून काढायची. बाबांनी शेठकडे एकच मागितलं, आमचा फ्लॅट घ्या आणि नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर द्या.

"कचरूभाऊ, हवामान बदललंय," शेठ म्हणाले. "ते काय मी बदललं?"

मी आयटीत सपोर्टला आहे. तक्रारी शांतपणे ऐकून काहीही न करण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे शेठविषयी व्यावसायिक आदर होता. तरी सूड घ्यायचाच होता.

दसऱ्याला नव्या इमारतीचं बुकिंग होतं. मांडव, पेढे, कंपन्यांतली नवी जोडपी. परतीचा पाऊस हल्ली मुहूर्त पाळत नाही. पहाटेपासून कोसळला आणि दहा वाजता आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी.

धरण भरलं की पुढारी जलपूजन करतात. आमचं पार्किंग भरलं होतं. आमच्याकडे पूजा करत नाहीत, म्हणून खण-नारळ दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका मंदाकिनीबाईंनी काढला. गणपतीतला माईक मी घेतला.

"ज्यांच्या भरावामुळे हे पाणी आपल्या दारी आलं, त्या बद्रीनाथशेठच्या हस्ते जलपूजन होत आहे. नव्या ग्राहकांनी अगत्य यावं. पँट दुमडून यावं."

सगळे आले, मागोमाग शेठही. पाण्याची ओटी नाकारावी तर सणाचा अपशकुन, भरावी तर कबुली. शेठ पाण्यात थिजले.

"अहो, संकोच कसला?" मंदाकिनीबाईंनी ताम्हण पुढे केलं. "पाणी आपलंच आहे."

शेठनी नारळ सोडला. तो तरंगत सरळ आमच्या हॉलमध्ये गेला.

"हे दरवर्षी असतं?" एका मुलीनं विचारलं.

"यंदा दुसऱ्यांदा," बाबा म्हणाले.

जोडपी गाड्यांकडे निघाली. शेठ माझ्या कानाशी आले. "माईक बंद कर. तिसरा मजला देतो."

"कागदावर?"

"उद्या."

"मग उद्यापर्यंत आरत्या म्हणतो. मला एकही येत नाही, वेळ लागेल."

सह्या मांडवातच झाल्या. महिन्याभरात आई वर झोपायला लागली, चक्क आडवी.

खालच्या फ्लॅटची किल्ली बाबांनी स्वतः शेठच्या हातात ठेवली. "पलंगाखालच्या विटा ठेवून जातोय," ते म्हणाले. "एका पायाला चार पुरतात. पुढच्या वर्षी पाच लावा."