नत्थूजींनी ठासलेला शेवटचा बार

मी बंदूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठासणीच्या बंदुकीला नळीखाली एक लांब काठी अडकवलेली असते ना, तो गज मी. दारू, चिंधी, छर्रे नळीच्या तोंडातून आत ढकलायचे ते मी, आणि बार उडाल्यावर नळी पुसायची तीही मीच. नाव मात्र सगळं बंदुकीचं. त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

जन्माने मी तिवसाच्या लाकडाचा. कामठीच्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, एका टोकाला पितळ बसवलं आणि दुसऱ्या टोकाला अडकलेलं ओढून काढायचा पेच. नत्थूजींनी मला घेतलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. कन्हानच्या काठी त्यांचा भुईमूग, आणि रानडुकरांना तर भुईमूग म्हणजे जेवणावळच. पिकाच्या राखणीसाठी म्हणून त्यांना बंदुकीचा परवाना मिळाला होता.

माणसाला बार उडवायला आवडतं, नळी धुवायला आवडत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय. काळ्या दारूची काजळी नळीत बसते, ओल धरते आणि लोखंड खाते. वर सडक्या अंड्याचा वास. पण नत्थूजींच्या घरी धुणं चुकत नसे. त्यांची बायको रंभाबाई चुलीवर पाणी उकळायची. नत्थूजी फडक्याने नळी धरायचे, ती वरून पाणी ओतायची आणि मी चिंधी गुंडाळून आत-बाहेर. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोघं शेतातलं, सोयऱ्याधायऱ्यांचं सगळं बोलून घ्यायची. एरवी ती फारशी बोलत नसत.

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास नेहमीची काळी दारू मिळेनाशी झाली. नत्थूजींचा धाकटा भाऊ भैयाजी खापरखेड्याला राहायचा. तो एक डबा घेऊन आला. आत करडी भुकटी.

"काळ्या दारूच्या बदल्यात हेच वापरा आता, दादा. धूर कमी, अन् धुवायचं तर कामच नाही."

नत्थूजी खूश झाले. पहिल्या बारानंतर रंभाबाईने सवयीने पाणी ठेवलं.

"काहून पाणी तापवून राहिली वं? भैयाजीनं सांगतलं ना, याले धुवा लागत नाही."

"तुमाले सांगतलं. लोखंडाले कोणी सांगतलं?"

नत्थूजी हसले, पण नळी धरायला बसले नाहीत. त्या हंगामात नळी धुतलीच गेली नाही. मी कोरडी चिंधी घेऊन आत जायचो आणि ती गंजाने तांबडी होऊन यायची. नवी दारू तशी आळशीही होती. चाप ओढला की ठिणगी देणारी तांब्याची टोपी फुटायची, पण आत आग पोचता पोचत नसे.

एका संध्याकाळी डुकरं भुईमुगात शिरली. नत्थूजींनी घाईने बार ठासला, टोपी चढवली, चाप ओढला. टक्. टोपी फुटली, बार उडाला नाही. डुकरांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. नत्थूजी चिडचिडत घरी आले. "उद्या पाहतो हिच्याकडे," म्हणत त्यांनी बंदूक कोपऱ्यात टेकवली. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

तेरवी झाली. परवाना नत्थूजींच्या नावाचा, तेव्हा बंदूक ठाण्यात जमा करणं भाग होतं. नेण्याआधी भैयाजीने मला नळीत सोडलं. मी तळाला पोचलोच नाही. चार बोटं वर अडलो.

"वहिनी, भरलेली आहे हे. दादानं ठासून ठेवली. पाणी ओतून काढून टाकतो."

"थांबा भाऊजी. त्यायच्या हातचा बार आहे. पाण्यात नोका घालवू. मीच उडवीन."

सकाळीच दोघं शेताच्या बांधावर गेली. रंभाबाईने बंदूक खांद्याला लावली, भैयाजी मागे उभा राहिला. टक्. नवी टोपी चढवली. टक्. आणखी एक. टक्.

"मेल्यावरबी ऐकत नाही हा माणूस," ती म्हणाली आणि हसली. नत्थूजी गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिथेच बांधावर बसली आणि मोठमोठ्याने रडली.

मग घरी चूल पेटली. भैयाजीने नळी धरली. ती दारू त्यानेच आणलेली, त्याला मान वर करवत नव्हती. रंभाबाईने पाणी ओतलं, दारू भिजली आणि माझा पेच आत गेला. नत्थूजींनी जे माझ्याकडून आत घातलं होतं, ते माझ्याकडूनच बाहेर आलं. आधी चिंधी, रंभाबाईच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची. मग छर्रे, मग करडा चिखल. काहीही जळलेलं नव्हतं. तिने चिंधी पिळून दोरीवर वाळत घातली. मग नळी नेहमीसारखी स्वच्छ धुतली.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "भरलेली तर नाही ना, बाई?"

"नाही जी. रिकामी केली." तिने नळीखालून मला ओढून काढलं. "हा घरी नेऊ का?"

"काठीच तर आहे. घेऊन जा."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात दोन खुंट्यांवर असतो. माझ्याशिवाय ती बंदूक भरता येत नाही. दुसरा गज कोणीही सुतार करून देईल, हे रंभाबाईला ठाऊक आहे. पण तसं कोणाच्या मनात येईपर्यंत तरी, नत्थूजींनंतर त्या नळीत कोणी काही ठासणार नाही. तेवढं तिला पुरतं. मलाही पुरतं.

कधी आमच्याकडे आलात, तर कोंबड्या हाकलायला म्हणून मला मागू नका. ती नाही म्हणेल, आणि का ते सांगणार नाही.