मेंढरं कुणाकडे ठेवली?

"मग मेंढरं कुणाकडे ठेवली?" कुरोदामालकांनी विचारलं.

यासुए त्यांच्या दुकानाच्या स्वयंपाकघरात केकवर क्रीमची फुलं काढता काढता मोठ्याने वाचत होती. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं एक पान लिहून काढून तिने समोरच्या भिंतीवर चिकटवलं होतं. रात्री रानात जागणारे मेंढपाळ, त्यांना मिळालेली येशूच्या जन्माची आनंदाची बातमी आणि मग सगळ्यांची बेथलेहेमकडे धाव. मी मागच्या दाराने केकच्या कापलेल्या कडा मागायला आले होते, ती स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"म्हणजे?" यासुए म्हणाली.

"म्हणजे काय म्हणजे! रात्रीची वेळ, उघडं रान. सगळेच पळाले तर जनावरं कुणी राखली? असली माणसं मी दुकानात दोन दिवस ठेवणार नाही."

"तसं काही लिहिलेलं नाही, मालक."

"मग तुमच्या पाद्रीबाबांना विचारा."

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांनाही ते सांगता आलं नाही. मालकांना तेवढंच हवं होतं. रोज सकाळी ते यासुएला हाच प्रश्न विचारायचे.

जपानमधल्या ओतारू गावच्या चढावरचं हे केकचं दुकान. नाताळ म्हणजे मालकांच्या लेखी केकवरच्या स्ट्रॉबेरीचा चढलेला भाव. अख्ख्या दुकानात येशूपुढे हात जोडणारी एकटी यासुए, आणि त्याच्याच जन्माच्या संध्याकाळी तिला देवळात येता यायचं नाही. निम्मं गाव तिच्या हातचा केक खायचं, एरवी देवळाचं तोंड न पाहणारे लोक मेणबत्ती लावायला यायचे, आणि ही काउंटरमागे खोकी बांधत उभी! मी देवळात ऑर्गन वाजवते. तिची रिकामी खुर्ची पाहून दरवर्षी माझं डोकं फिरायचं.

"मालकांना ठणकावून सांग की," मी म्हणायची.

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगू, नोबुकोसान? आज येशू जन्मलाय, केक उद्या न्या?"

यंदा मात्र पाळकांनी मेंढपाळांचं वाचन तिलाच दिलं. आयुष्यात एकदा तरी त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहावं, ही तिची इच्छा मला ठाऊक होती. तिने धीर करून मालकांकडे सुटी मागितली. "शेवटचा केक गेला की जा," एवढंच ते म्हणाले.

चोवीस तारखेला दुपारपासून बर्फाने झोडपलं. संध्याकाळी देऊळ भरलं, प्रार्थना झाली, गाणं झालं. यासुएचा पत्ता नव्हता. वाचनाची वेळ आली तशी मी तेच गाणं पुन्हा सुरू केलं. मग आणखी एकदा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाळक माझ्याजवळ येऊन वाकले.

"नोबुकोसान, आता मीच वाचतो."

"तुमचा घसा बसलाय."

"छे, कुठे बसलाय?"

"बसेल," मी म्हटलं आणि पहिल्या कडव्यावर आले.

तिकडे दुकानात काय चाललं होतं, ते यासुएने मला नंतर सांगितलं. फ्रिजमध्ये एकच केक उरला होता, कुणा त्सुकुदांचा. त्यांची बस बर्फात अडकली होती. यासुएने घड्याळ पाहिलं, भिंतीवरचा कागद काढला आणि घडी करून एप्रनच्या खिशात टाकला. यंदाही नाही, असं तिने मनाशी म्हटलं. तेवढ्यात मालक स्वयंपाकघरातून बाहेर आले. गिऱ्हाइकासमोर कधी न येणारा हा माणूस थेट काउंटरमागे येऊन उभा राहिला.

"अजून इथेच?"

"एक केक राहिलाय."

"दिसतोय मला. कुणीतरी मागे थांबलंच असणार. त्याशिवाय का ते मेंढपाळ एवढे निर्धास्त पळाले? जा तुम्ही."

"मालक, तुम्हाला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही."

"मग गप्प बसेन. पळा म्हटलं ना!"

ती पळाली. केसांत बर्फ, अंगात एप्रन, बाहीवर क्रीम, अशीच देवळाच्या दारातून थेट पुढे आली. मी हात थांबवले. पाळकांनी देवाचे आभार मानले, बहुधा मोठ्यानेच.

यासुएने खिशातला कागद उघडला, पण त्याच्याकडे बघितलंच नाही. अंडी फेटायच्या यंत्राच्या घरघरीवर मात करून तिने तो आवाज तयार केला होता. तो छपरापर्यंत गेला. आकाश देवदूतांनी भरून गेलं, तिथे ती पोचली तेव्हा मेणबत्तीपुरते आलेले पाहुणेसुद्धा ताठ बसले. आणि मला रडू आलं, चक्क रडू. एवढी वर्षं रिकामी राहिलेली ती खुर्ची मी त्या क्षणी विसरून गेले.

वाचन संपलं, सगळ्यांनी मेणबत्त्या पेटवल्या आणि दार करकरलं. कुरोदामालक आत आले. डोक्यावर कामाची पांढरी टोपी, खांद्यांवर बर्फ. या दारात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. यासुए लगबगीने मागे गेली. मालक त्यांच्या मते हळूच बोलले, पण ते सगळ्या देवळाने ऐकलं.

"शेवटचं मेंढरू घरी गेलं."

यासुएने त्यांच्या हातात मेणबत्ती दिली आणि आपल्या ज्योतीवर पेटवली. आम्ही शेवटचं गाणं सुरू केलं. मालकांना शब्द येत नव्हते. ते शेवटच्या बाकापाशी उभे राहिले, टोपी काढली आणि मेण जमिनीवर सांडू नये म्हणून मेणबत्तीखाली धरली.