हरकत नसावी

एन्सिओ रौताकोस्कीने आयुष्यभर फिनलंडमधल्या कुओपिओ शहरात घराघरांत गरम पाण्याचे पाइप बसवले होते. पंप, व्हॉल्व्ह आणि दाब यांच्याशी त्याची जुनी गट्टी. त्यामुळे डॉक्टर बर्ग्लुंडबाईंनी टेबलावर ते इम्प्लान्ट ठेवलं, तेव्हा त्याला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. लिंगात दोन लवचिक नळ्या, पोटात पाण्याची छोटी पिशवी आणि खाली अंडकोशात चिमुकला पंप. पंप दाबत राहिलं की पाणी नळ्यांत चढतं आणि शेजारची कळ दाबली की परत पिशवीत जातं.

"म्हणजे आमचाच धंदा की हा!" एन्सिओ म्हणाला. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

कॅन्सरपायी प्रोस्टेट काढली. कॅन्सर गेला, पण जाताना नवरेपण घेऊन गेला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, कशाचाही उपयोग नाही. शेवटी घोरण्याचं निमित्त करून तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागला. बायकोने, हेल्वीने, ते निमित्त मुकाट्याने मान्य केलं आणि नेमकं तेच त्याला फार लागलं.

"तुमचं काय?" डॉक्टरांनी हेल्वीकडे पाहिलं. "तुम्हालाही हे हवंय का?"

हेल्वीने मांडीवरचे हातमोजे नीट केले. "करायला हरकत नसावी," ती म्हणाली. "न केलं तरी काही अडत नाही म्हणा."

सावोतल्या, म्हणजे कुओपिओच्या भागातल्या, माणसाच्या तोंडून सरळ 'हो' काढणं महाकठीण. बाहेर बर्फ पडतोय का विचारलं, तर अंगावरचा बर्फ झटकत 'पडत असावा बहुतेक' म्हणतील. बर्ग्लुंडबाई समुद्रकाठच्या, त्यांना यातलं काहीच उमगेना. पण एन्सिओ तर इथलाच, त्याला तरी कळायला हवं होतं की नाही? छे! मनात धाकधूक असली की माणसाला नको तेच ऐकू येतं. 'हरकत नसावी' त्याने वाऱ्यावर सोडलं आणि 'अडत नाही' तेवढं काळजात घालून ठेवलं.

ऑपरेशन मात्र त्याने करून घेतलं, हट्टालाच पेटून. सूज उतरली, डॉक्टरांनी पंप वापरायला शिकवला. न्हाणीघराला कडी लावून त्याने सराव केला. काम चोख होतं, कुठे गळती नाही, दाब एकदम पक्का. त्याच्यातला फिटर खूश झाला आणि नवरा हिरमुसला. जिला नकोच आहे तिच्यापुढे हे मिरवायचं कसं? तो आपला सोफ्यावरच झोपत राहिला.

शनिवारी दोघं आपल्या तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरी गेली. हेल्वीने वाफेने अंग शेकायचा सॉना तापवला. पूर्वी दोघं एकत्र बसत, पण आजारपणापासून तो तिच्यानंतर एकटाच जायचा. सॉनात कपडे घालून बसायला तो काही परदेशी पाहुणा नव्हता आणि उघडं बसायचं धैर्य उरलं नव्हतं.

हेल्वीने दारातून डोकं बाहेर काढलं. "दगड मस्त तापलेत. एकटीसाठी एवढी लाकडं जाळायची म्हणजे नासाडीच."

"पुढच्या वेळी कमी घालू," अंगणात लाकडं फोडता फोडता एन्सिओ म्हणाला.

दार बंद झालं. मग धाडकन पुन्हा उघडलं आणि पंचा गुंडाळलेली हेल्वी थेट पायरीवर आली.

"एन्सिओ! मी लाकडांबद्दल बोलत नाहीये!"

कुऱ्हाड तिथेच राहिली.

आत फळीवर दोघं शेजारी बसली. तिने दगडांवर पाणी टाकलं, चर्र झालं, वाफ अंगावर आली. त्याने गुडघ्यांकडे बघतच विषय काढला.

"तू डॉक्टरांना म्हणालीस, काही अडत नाही."

"त्याच्याआधी काय म्हणाले मी?"

"हरकत नसावी."

"मग?" हेल्वी भडकली. "आणखी काय करायला हवं होतं मी? डॉक्टरांच्या टेबलावर चढून नाचू? जन्म गेला माझ्याबरोबर, आणि हरकत नसावी म्हणजे काय ते कळत नाही तुला? अरे, तुझ्यावर जबरदस्ती नको म्हणून पुढचं बोलले. तुझ्या जिवापुढे मला कशाचंच अडत नव्हतं. पण तू सोफ्यावर गेलास ना, तेव्हा फार अडलं रे."

एन्सिओच्या डोळ्यांत पाणी आलं. सॉनात ते घामात खपून जातं, ही एक सोय.

"चालतो का पण?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"पंप, दुसरं काय!"

त्याने खाली हात नेला आणि दाबायला सुरुवात केली. हेल्वी आधी टक लावून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि दोघं एकमेकांना धरून इतकी हसली की फळी करकरली. आत गरम व्हायला लागलं म्हणून दोघं घरात गेली, आणि त्या दुपारी तळ्यावर पोहायला कोणी गेलं नाही. शहरात परतल्यावर सोफ्यावरची उशी झोपायच्या खोलीत आली ती कायमची.

तपासणीला दोघं मिळून गेली.

"कसं चाललंय?" बर्ग्लुंडबाईंनी विचारलं.

"तक्रार करण्यासारखं काही नाही," एन्सिओ म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे समाधान नाही का? दुखतंय? दाब कमी पडतो?"

मागे उभी असलेली नर्स कुओपिओचीच होती. ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "डॉक्टर, अहो, याहून मोठं कौतुक आमच्याकडे होत नाही!"

बाईंची खात्री पटेना. त्या हेल्वीकडे वळल्या. एन्सिओही वळला. आता ही म्हणेल, बरं असावं, किंवा वाईट नसावं.

हेल्वीने त्याचा हात हातात घेतला.

"छान चाललंय, डॉक्टर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "फार छान. मला माझा नवरा परत मिळाला."

नर्सचं हसणं थांबलं आणि एन्सिओ कानांपर्यंत लाल झाला. त्याच्या देखत तिने कशालाही 'फार छान' म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.