टर्की आणि आईंचं पातळ

माझा नवरा शिरीष भाजलेल्या माणसांचा डॉक्टर, त्यामुळे न्यूझीलंडमधल्या मनुरेवातल्या आमच्या घरात पापडसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा. कढईत तेल चढलं की हा पाठीशी येऊन उभा. मी पुऱ्या तळल्या त्या हा नाइट ड्यूटीवर असतानाच. असा माणूस सत्त्याण्णवच्या नाताळात म्हणाला, "आपण अख्खी टर्की तळू या," तेव्हा मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

कारण होतं त्याची आई, माझ्या सासूबाई सुलेखाबाई. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना कोल्हापूरहून घेऊन आलो आणि शिरीषने त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. भाजी चिरू नको, सुरीला धार आहे. ओट्याशी जाऊ नको, फरशी निसरडी आहे. जन्मभर दर रविवारी घरादाराचं मटण रांधलेली बाई. तिला हातावर हात धरून बसवलं की ती खंगते, हे मी सांगून थकले. शेवटी आईच मला म्हणाल्या, "पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं गं? माझं तिकीट अलीकडचं करून दे."

बॅग भरूनही झाली. विमानात नेसायचं मऊ निळं सुती पातळ त्यांनी घडी घालून बॅगेवर ठेवलं. येताजाता ते दिसलं की शिरीषचा चेहरा उतरायचा, पण "राहा" म्हणायला तोंड उघडेल तर शपथ. आईला तळलेलं आवडतं, एवढंच त्याला सुचलं.

टेक्सासला परत गेलेल्या त्याच्या एका मित्राने मोठं पातेलं आणि गॅसची शेगडी आम्हाला देऊन टाकली होती. शिरीषने टर्की फ्रिजमध्ये ठेवून आतपर्यंतचा बर्फ वितळू दिला. ती पिशवीसकट पातेल्यातल्या पाण्यात बुडवून तेल कुठवर घालायचं त्याची खूण केली, मग पातेलं कोरडं केलं. शेगडी घरापासून आणि कुंपणापासून लांब, अंगणाच्या मधोमध मांडली. माझ्या पायातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढायला लावून भर उन्हाळ्यात बूट घालायला लावले. आमच्या सहा वर्षांच्या मुग्धाला पायरीवरून हलायची बंदी. पेपर टॉवेलचा शेवटचा रोल संपवून त्याने टर्की खडखडीत कोरडी केली आणि ओट्यावर ठेवली. आईंची खुर्ची सगळ्यात लांब, लिंबाच्या झाडाखाली.

तेल तापायला लागलं, आणि शिरीष त्यातल्या थर्मामीटरवर डोळा ठेवून उभा राहिला. पाणी पिऊन येते म्हणून आई आत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या. मग शिरीष टर्कीचा ट्रे घेऊन आला. ती उचलली मात्र, तिच्या पोटातून पाण्याची धार त्याच्या बुटांवर पडली.

"हिला पाणी कोणी लावलं?"

"मी धुतली," आई म्हणाल्या. "हळद लावून, आतून-बाहेरून. तशीच उघडी पडली होती बिचारी. न धुता कुणी तळतं का?"

शिरीषने आधी गॅस बंद केला, मग त्याचा आवाज चढला. "एवढं पाणी कडकडीत तेलात गेलं असतं तर सगळं तेल उसळून अंगावर आलं असतं, आई. आग लागली असती. अशी माणसं मी रोज बघतो. तू हात कशाला लावलास? जा, खुर्चीत बस."

आईंनी पदराला हात पुसले आणि त्या घरात गेल्या. मला असा संताप आला.

"अगदी बरोबर बोललास," मी म्हणाले. "आता त्या जातील, मग बस थर्मामीटरशी गप्पा मारत."

तो टी टॉवेल घेऊन टर्कीशी झटत राहिला, पण टॉवेल ओलाचिंब झाला तरी पोटातलं पाणी निघेना. पेपर टॉवेल आणावेत तर नाताळ म्हणून कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकानही बंद होतं.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. हातात निळं पातळ. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी ते टर्रकन मधोमध फाडलं. एक तुकडा टर्कीच्या पोटात कोंबला आणि दुसऱ्याने तिला टिपू लागल्या. पंखांखाली, मांडीच्या घडीत, मानेच्या खळगीत, न्हाऊ घातलेल्या बाळाला पुसावं तसं.

"आजी, शी इज नॉट अ बेबी," मुग्धा हसली.

"तुझ्या बाबाला असंच पुसायचे," आई म्हणाल्या. "तोही असाच ओरडायचा." मग शिरीषकडे वळल्या. "बघ, झाली का कोरडी? का बसू परत खुर्चीत?"

शिरीषने टर्कीच्या पोटात हात घालून तपासलं. तपासायला लागतो त्यापेक्षा जास्तच वेळ तो खाली वाकून होता.

"खुर्ची नको," तो म्हणाला. "मला एकट्याला जमायचं नाही. टर्की सोडताना गॅस बंद पाहिजे, पूर्ण बुडली की पुन्हा पेटवायचा. ते तू कर. पदर घट्ट खोच आणि माझे दुसरे बूट घाल."

तेल पुन्हा तापलं. "बंद," शिरीष म्हणाला. "केला," आई म्हणाल्या. त्याने आकड्याला अडकवलेली टर्की सावकाश आत सोडली. तेल खळखळलं, पण पातेल्याबाहेर आलं नाही. मुलाच्या ढगळ बुटांत आई शेवटपर्यंत शेगडीपाशी उभ्या राहिल्या, आणि तोही एकदासुद्धा "बस" म्हणाला नाही. मला दोघांविषयीही इतकी माया दाटून आली की मी उगाच मुग्धाला रागावले.

जेवताना आई म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि आणखी दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी पातळाचे दोन्ही तुकडे धुऊन दोरीवर वाळत होते, हळदीच्या डागांसकट. मी म्हणाले, "आई, आता विमानात काय नेसणार?"

सिंकशी भांडी घासणाऱ्या शिरीषने नळ बंद केला.

"तेच बघतेय," आई म्हणाल्या. "नवं पातळ तेवढं मऊ व्हायला वर्ष तरी लागतं."