बादलीतलं लाल पाणी

त्रिंबक गाडीखाली गेला तेव्हा त्याच्या हातात भंडाऱ्याचं ताट होतं. चंपाषष्ठीचा दिवस होता. लासूर स्टेशनच्या अलीकडं, त्यांच्या धनगरवस्तीची खंडोबाची पालखी सडकेवर आली होती आणि माणसं मुठी भरभरून हळद उधळत होती. त्या पिवळ्या धुरळ्यात एक पांढरी गाडी घुसली. त्रिंबक तिच्या पुढच्या भागात अडकला. गाडी थांबली असती तर पाय मोडून निभावलं असतं, पण ती बिथरल्या रेड्यासारखी सुटली आणि त्याला फरपटत घेऊन गेली.

थोरला भाऊ सांडू मागं धावला. त्याला आधी एक वहाण सापडली, मग फेटा, मग वळणावर त्रिंबक. पाठीची कातडी डांबराला लागून राहिली होती. सांडूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर मागची बाजू हाताला मऊ लागली. हळद आणि रक्त कालवून सांडूच्या धोतरावर जो डाग पडला, तो त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, धुतला नाही. तिनं धोतरच जाळलं.

गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता. पोलीस आले, लिहून घेऊन गेले.

सांडूचं शहरात, उस्मानपुऱ्यात पत्र्याचं गॅरेज होतं. दिवस घातल्यावर तो तिथं येऊन बसला आणि त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. गाडी बाहेरून धुता येते, ठोकून-रंगवून नवी करता येते. पण इंजिन जिथून श्वास घेतं तिथं कुणी हात घालत नाही. भंडाऱ्यातून गाडी गेली असेल तर हळद एअर फिल्टरात बसलेलीच असणार. कागदी फिल्टर लोक फेकून देतात, त्याचा उपयोग नाही. पण काही हौशी लोक धुऊन पुन्हा वापरायचा सुती जाळीचा फिल्टर बसवतात. तो वर्षभराची धूळ पोटात धरून ठेवतो.

त्यानं दारावर पाटी लावली, फिल्टर धुऊन मिळेल. कामात तो चोख होता. फिल्टर हलक्या हातानं आपटायचा, औषध मारून मुरू द्यायचा, मग आतल्या बाजूनं पाण्याची बारीक धार सोडायची, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर जाते. हवेचा पाइप लावायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. सावलीत वाळला की घडीघडीवर निळं तेल सोडायचं. आणि हे सगळं करताना डोळे पिवळा रंग शोधत असायचे.

पिवळा रंग सापडलाही होता, एकदा सोडून दोन-तीनदा. मालकाला विचारलं की तो म्हणायचा, साताऱ्याच्या खंडोबाला गेलो होतो. शहराला लागूनच असलेल्या ह्या साताऱ्याला चंपाषष्ठीला कोण जात नाही? सांडू फिल्टर बसवून गाडी परत द्यायचा. मात्र चाकं खोलायचा लांब पाना त्यानं बाकड्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बानाबाई म्हणायची, सोडून द्या आता, भाऊजी काही परत येत नाहीत. तो पुढचा फिल्टर आपटायला घ्यायचा.

एके दिवशी जेवणाच्या आधी पुंडलिकनगरचा राजेंद्र पांढरी गाडी घेऊन आला. वाळूजच्या कंपनीत नोकरी, गावाकडं बऱ्यापैकी शेती, बोलायला मवाळ. गाडी उचल खात नाही म्हणाला आणि स्टुलावर मोबाइल बघत बसला.

सांडूनं इंजिनाजवळचा डबा उघडून फिल्टर काढला. गोणपाटावर आपटला, तर आधी काळी धूळ पडली आणि तिच्या मागं पिवळी. त्यानं विचारलं. राजेंद्रानं मान वर न करता सांगितलं, मागच्या साली आईला घेऊन साताऱ्याला गेलो होतो, आठवडाभर गाडीतून हळद निघत होती. हसलाही. सांडूनं हुंकार दिला आणि औषधाची बाटली उचलली. ती रिकामी होती.

मळके कपडे धुवायला बानाबाईनं कोपऱ्यात साबणाची पावडर आणि धुण्याचा सोडा ठेवला होता. आजच्या दिवस चालेल म्हणून सांडूनं दोन्ही बादलीत कालवलं, फिल्टर त्यात बुडवला आणि दुसऱ्या गाडीचा ब्रेक बघायला गेला.

परत येऊन बघतो तर पाणी लाल झालं होतं. एरवी काळपट निळं पाणी निघायचं. हे तसं नव्हतं. घडीघडीतून लालभडक धागे सुटत होते आणि वर थोडी पिवळी साय तरंगत होती. सांडूनं हात घातला. बोटं लाल निघाली. मांडीवरचं ते डोकं, तो मऊ भाग, धोतरावरचा तो डाग, सगळं एकदम परत आलं. वर्षभर लपून बसलेलं भावाचं रक्त आज देवानंच बाहेर काढून दाखवलं, असं त्याला वाटलं. दुसरं काही वाटायला जागाच उरली नाही.

त्यानं फडक्यातून पाना काढला.

"त्या दिवशी गाडी कुठं व्हती?"

"सांगितलं की, सांडूभाऊ. खंडोबाला."

"खंडोबा आमच्या वस्तीवर बी व्हता."

पहिला घाव मनगटावर बसला. मोबाइल उडाला आणि हाड वाळल्या काटकीसारखं वाजलं. राजेंद्राला ओरडायलाही सुचलं नाही, तो मोडक्या हाताकडं बघत राहिला. दुसरा घाव गुडघ्यावर. मग मात्र तो ओरडला, आडवा झाला, कोपरांवर सरपटत दाराकडं निघाला. सांडूनं त्याला पायाला धरून मागं ओढलं. जमिनीवरच्या तेलात त्याची बोटं घसरत गेली. साताऱ्याचा भंडारा आहे, आईला विचारा, असं तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी सांडूला त्यातलं फक्त भंडारा ऐकू येत होतं. तिसरा घाव जबड्यावर पडला आणि बोलणं बंद झालं. तोंडातून दात आणि रक्ताची लाळ आली.

सांडूनं त्याची मान धरली आणि तोंड बादलीत दाबलं.

"पी. माझ्या भावाचं हाय."

राजेंद्राचे पाय पत्र्यावर आपटत राहिले. बुडबुडे आले. मग बुडबुडे कमी झाले.

बानाबाई भाकरीचा डबा घेऊन दारात आली ती ह्या वेळेला. तिनं डबा टाकला आणि दोन्ही हातांनी नवऱ्याच्या केसांना धरून त्याला मागं खेचलं. बादली कलंडली. राजेंद्र कुशीवर पडला, खोकला, पाणी ओकला. छाती हलत होती.

"सोड मला," सांडू म्हणाला. "ह्येच गाडी हाय. रगत निघालं फिल्टरातून."

बानाबाईनं सांडलेल्या पाण्याकडं पाहिलं, सोड्याच्या पुडीकडं पाहिलं. भिंतीवर खंडोबाची तसबीर होती, खाली भंडाऱ्याची वाटी. तिनं चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, वर तेच साबणाचं पाणी टाकलं आणि बोटानं चोळलं. मग तळहात नवऱ्याच्या डोळ्यांपुढं धरला. तो लाल झाला होता.

"दरसाल जत्रंची कापडं मी धुते. साबण लागला की हळद लाल व्हती. बाईमाणसाला सांगावं लागत नाय हे. तुम्ही जन्मात कधी एक सदरा तरी धुतलाय का?"

सांडू त्या तळहाताकडं बघत राहिला. मग त्यानं आपले हात पाहिले. पाना खाली पडला.

ती म्हणाली, उचला ह्याला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. दारात दुसरी गाडी नव्हती, जी होती तिचा ब्रेक खोललेला. राजेंद्राचीच गाडी काढायला हवी होती. सांडू इंजिनाजवळच्या उघड्या डब्यापाशी जाऊन उभा राहिला.

"फिल्टर वला हाय," तो पुटपुटला.

"माणूस मरायलाय आन् तुम्हाला फिल्टर दिसतोय व्हय."

त्यानं तसाच डबा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फिल्टरवाचून गाडी चालू केली. इंजिन उघड्या तोंडानं घोरत, रस्त्याची सगळी धूळ आत ओढत निघालं. मागं बानाबाईच्या मांडीवर राजेंद्राचं डोकं होतं. ती पदरानं त्याचं तोंड पुसत होती आणि त्याला विचारत होती, बाळा, आईचा नंबर सांग. मोडलेल्या जबड्यातून आकडे फुटत नव्हते. सांडूनं आरसा फिरवून टाकला.

घाटीत स्ट्रेचर आलं, राजेंद्राला आत नेलं. अपघात का, असं तिथल्या हवालदारानं विचारलं. बानाबाई काही बोलायच्या आत सांडू म्हणाला, "नाय. मी मारलं. त्यानं काय केलं नव्हतं."

हवालदारानं त्याला वरखाली पाहिलं आणि आधी हात धू म्हणाला, कागदाला डाग पडतील. कोपऱ्यात नळ होता. सांडूनं हात धारेखाली धरले. राजेंद्राचं रक्त वाहून गेलं. खाली राहिलेली लाली साध्या पाण्यात हळूहळू उतरली आणि बोटं पुन्हा पिवळी झाली, खंडोबाच्या दारातून आल्यासारखी. त्यानं पुष्कळ घासली. पिवळं तेवढं निघेना.

"चल," हवालदार म्हणाला.